सुट्टीला महाबळेश्वर: नावं कुणाची, घाम कुणाचा?



यंदाच्या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन, सासूबाईंना घेऊन, चार घरं मिळून कुठंतरी दोन रात्री जाऊन यावं, असं बऱ्याच गटांत बोललं जातंय. आणि ठिकाण कुठलं, असं विचारलं की दहातल्या सात जणींच्या तोंडी एकच नाव येतं, महाबळेश्वर. थंड हवा, स्ट्रॉबेरी, वेण्णा तलावातली होडी आणि फोटो काढायला पॉइंट. म्हणून आज आपण सहलीची आखणी करू. पण ती जरा वेगळ्या वाटेनं करू. आधी या गावाची ओळख करून घेऊ आणि मग कुठल्या दिवशी कुठं जायचं ते ठरवू.

ओळख कशाला हवी, असं कुणी म्हणेल. त्याचं कारण आहे. महाबळेश्वर हे इंग्रजांनी स्वतःच्या सुखासाठी वसवलेलं गाव आहे. तिथं पाऊल ठेवलं की पाट्यांवर नावं दिसतात: विल्सन, केट, एल्फिन्स्टन, लॉडविक, कारनॅक. मुलं विचारणार, "आई, ही केट कोण?" आपण म्हणणार, "असेल कुणी मडम." बस, तिथं विषय संपतो. आपण पैसे मोजून जातो, दरी बघतो, मक्याचं कणीस खातो आणि परत येतो. पण त्याच दरीत आपल्या मुलखाचा केवढा तरी इतिहास पडलेला असतो. तो बघायला तिकीट लागत नाही, फक्त माहीत असावा लागतो.

गाव दोन आहेत

पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. महाबळेश्वर एक नाही, दोन आहेत. एक क्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे जुनं देवाचं गाव. दुसरं तिथून पाच-सहा किलोमीटरवर असलेलं बाजारपेठेचं, हॉटेलांचं गाव. पुष्कळ लोक दुसऱ्या गावातच दोन दिवस काढतात आणि जुन्या गावी उभ्या उभ्या जाऊन येतात. आमचं म्हणणं असं की सुरुवात जुन्या गावापासून करावी, कारण इतिहासाची सुरुवातही तिथंच आहे.

क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेचं देऊळ आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम तिथं मानतात. गोमुखातून पाणी पडतं. यादवांच्या काळात, तेराव्या शतकात, राजा सिंघणानं इथं देऊळ आणि कुंड बांधल्याचं सांगतात. मुलांना तिथं उभं करून एवढंच दाखवा: या एका डोंगरावरची कृष्णा पूर्वेला निघते, वाई, कराड, सांगली करत कर्नाटक, तेलंगणा, आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. आणि सावित्री पश्चिमेला उतरते, पोलादपूर, महाड करत बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते. एका माथ्यावरचं पाणी दोन समुद्रांना जातं. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या उसाला, ज्वारीला, घागरीला हेच पाणी आहे. भूगोलाच्या पुस्तकात दहा वेळा वाचून जे डोक्यात शिरत नाही, ते इथं एका मिनिटात कळतं.

याच गावाशी आपल्या जिजाऊंची एक आठवण जोडलेली आहे. १६६५ सालच्या जानेवारीत सूर्यग्रहणाच्या पर्वावर शिवाजी महाराजांनी इथं आईची सुवर्णतुला केली. आईला तराजूत बसवून तिच्या भाराइतकं सोनं दान केलं. त्याच वेळी वयोवृद्ध सोनोपंत डबीर यांचीही तुला झाली. त्याआधी १६५६ मध्ये महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून जावळीचं खोरं घेतलं होतं, मग प्रतापगड बांधला होता आणि १० नोव्हेंबर १६५९ ला त्याच गडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा प्रसंग घडला होता. म्हणजे इंग्रज इथं पोचण्याच्या दीड-पावणेदोनशे वर्षं आधी हा डोंगर जागता होता, नांदता होता. "इंग्रजांनी महाबळेश्वर शोधून काढलं," असं कुणी गाइड म्हणाला, तर हसून सोडून द्या. इंग्रजांनी फक्त स्वतःसाठी एक पेठ शोधली.

एका गावाच्या बदल्यात एक गाव

आता ती पेठ कशी वसली ते बघू. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. इंग्रजांनी साताऱ्याच्या गादीवर छत्रपती प्रतापसिंह महाराजांना बसवलं आणि राज्याचा एक तुकडा त्यांच्याकडे ठेवला. महाबळेश्वरचा डोंगर त्या राज्यात होता. साताऱ्यात इंग्रजांची फौज असे. त्या फौजेतला लॉडविक नावाचा अधिकारी १८२४ च्या उन्हाळ्यात हा डोंगर चढून आला. खाली रणरणतं ऊन आणि वर अंगावर शाल घ्यावी अशी हवा. साहेबांना अशी हवा म्हणजे औषधच वाटे, कारण त्या काळी ताप, हगवण, पटकी यांनी त्यांचे शिपाई पटापट मरत.

पुढं साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट ब्रिग्ज यानं वर घर बांधलं. महाराजांनी साताऱ्याहून वर चांगला गाडीरस्ता करून दिला. मग १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम आला. त्यानं आजारी गोऱ्या शिपायांसाठी वर दवाखाना काढला. आणि १८२९ मध्ये महाराजांशी करार झाला. महाबळेश्वरची जागा कंपनी सरकारला आणि त्या बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव महाराजांना. हे लोणावळ्याजवळचं खंडाळा नव्हे बरं का. आज सातारा जिल्ह्यात जो खंडाळा तालुका आहे, तिथलं ते खंडाळा. नव्या पेठेला नाव मिळालं माल्कम पेठ.

मैत्रिणींनो, अदलाबदलीचा व्यवहार आपल्याला नवा नाही. गावात बांधाला बांध देऊन जमिनी बदलतात. पण तिथं दोन्ही बाजू सारख्या तोलाच्या असतात. इथं एका बाजूला फौज होती आणि दुसऱ्या बाजूला त्या फौजेनं गादीवर बसवलेला राजा. तरी प्रतापसिंह महाराजांनी मैत्रीनं वागून जागा दिली, रस्ता दिला. महाराज शिकलेले होते. साताऱ्यात त्यांनी शाळा काढल्या, रस्ते केले, शहराला पाणी आणलं.

त्या मैत्रीचं फळ काय मिळालं? अवघ्या दहा वर्षांनी, १८३९ मध्ये, इंग्रजांनी महाराजांवर कटाचा आरोप ठेवला. गव्हर्नर कारनॅक स्वतः साताऱ्याला आला आणि म्हणाला, गुन्हा कबूल असल्याच्या कागदावर सही करा, गादी राहील. महाराज म्हणाले, न केलेला गुन्हा कबूल करणार नाही. त्यांची गादी काढून घेतली आणि त्यांना काशीला धाडलं. १८४७ मध्ये तिथंच, आपल्या मुलखापासून लांब, त्यांचा अंत झाला. त्यांच्या न्यायासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि जवळजवळ १४ वर्षं तिथं दारोदार फिरले. न्याय मिळाला नाही. महाराजांचे धाकटे भाऊ शहाजी म्हणजे आप्पासाहेब महाराज गादीवर आले. त्यांनी १८४२ मध्ये वेण्णा तलाव बांधला. होय, ज्या तलावात आपण होडीत बसून फोटो काढतो, तो साहेबानं नाही, साताऱ्याच्या महाराजांनी बांधला आहे. १८४८ मध्ये आप्पासाहेबही गेले. त्यांनी घेतलेलं दत्तक इंग्रजांनी मानलं नाही आणि सातारचं राज्य खालसा केलं. डलहौसीच्या त्या धोरणाचा पहिला घाव साताऱ्यावर बसला. झाशी आणि नागपूरची पाळी नंतर आली.

आता पुढची गोष्ट ऐका. महाबळेश्वरच्या जुन्या पॉइंटांच्या यादीत एक नाव आहे कारनॅक पॉइंट. ज्यानं महाराजांची गादी काढली, त्याच गव्हर्नराचं हे नाव. ज्या राजानं डोंगर दिला, त्याला देशोधडीला लावणाऱ्याचं नाव त्याच डोंगराच्या एका कड्याला! मुंबईत मशीद बंदर स्टेशनाजवळही कारनॅक नावाचा पूल होता. तो जुना झाला म्हणून पाडला, नवा बांधला आणि २०२५ मध्ये त्याला सिंदूर पूल असं नाव दिलं. नाव बदलावं की ठेवावं, यावर माणसामाणसांचं मत वेगळं असेल. आमचं मत एवढंच की नाव असो वा नसो, त्यामागची गोष्ट आपल्या मुलांना माहीत असावी. पाटी पुसली आणि गोष्टही विसरलो, तर हातात काय राहिलं?

पॉइंटांची जुनी नावं

कड्यांना साहेबाच्या आधी नावं नव्हती असं नाही. केट्स पॉइंटला आपले लोक नाके खिंड म्हणत. केट ही माल्कम गव्हर्नराची मुलगी, असं सांगतात. विल्सन पॉइंट ही महाबळेश्वरातली सगळ्यात उंच जागा, ती पूर्वी सिंदोळा होती. पुढं १९२० च्या दशकात गव्हर्नर असलेल्या विल्सनचं नाव तिला मिळालं. मुंबई पॉइंटला ते नाव पडलं कारण मुंबईकडची जुनी वाट तिकडून जाई. आज तिथं सूर्यास्त बघायला गर्दी होते. लॉडविक पॉइंटवर त्या पहिल्या अधिकाऱ्याच्या आठवणीचा खांब उभा आहे.

आर्थर सीटला गेलात तर सावित्रीचं खोल खोरं दिसतं. आर्थर मॅलेट नावाच्या साहेबाचं तिथं घर होतं. त्याची बायको आणि तान्ही मुलगी बाणकोटजवळ पाण्यात बुडून गेल्या आणि तो या कड्यावर बसून सावित्रीच्या खोऱ्याकडे बघत राही, असं सांगतात. दुःखाला जात नसते, देश नसतो. बायकामुलं गमावलेल्या माणसाबद्दल आपल्याला वाईट वाटतंच, वाटावंही. पण त्याच खोऱ्यात पुरात, बाळंतपणात, पटकीत गेलेल्या आपल्या आयाबायांच्या नावानं एकही कडा नाही, हेही त्याच वेळी मनात येतं.

घाम कुणाचा?

आता सगळ्यात महत्त्वाचं. थंड हवेचं गाव फुकट उभं राहत नाही. डोंगरावर बंगले, रस्ते, बागा, देवळासारखी चर्चं, क्लब, घोड्यांचे तबेले हे सगळं कुणाच्या तरी हातांनी झालं.

त्यातले काही हात फार लांबून आले होते. चीन आणि मलायाच्या बाजूला इंग्रजांनी ज्यांना शिक्षा केली, अशा कैद्यांना जहाजानं इकडे आणत. त्यांच्यासाठी महाबळेश्वरला तुरुंग होता, साधारण १२० कैद्यांचा. या कैद्यांनी रस्त्यांवर राबून काढलं. फावल्या वेळात ते वेताच्या टोपल्या विणत, वाफे करत, बटाटे आणि विलायती भाजीपाला पिकवत. साहेबांच्या टेबलावर ती भाजी जाई. १८६४ च्या सुमाराला तो तुरुंग बंद झाला. आपल्या घरापासून हजारो मैलांवर, न कळणाऱ्या भाषेच्या मुलखात, या लोकांनी आपल्या मातीत भाजीचं शास्त्र पेरलं. त्यांच्यापैकी एकाचंही नाव कुठल्या कड्याला नाही.

डोंगरावरचे मूळ रहिवासी म्हणजे कुळवाडी, कोळी, धनगर, गवळी आणि धावड. धावड हे लोखंड गाळणारे लोक. इथल्या दगडातून लोखंड काढायचं तर भट्टीला लाकडी कोळसा हवा. इंग्रजांनी जंगल राखीव केलं आणि कोळशासाठी झाडं तोडायला बंदी घातली. धावडांच्या भट्ट्या विझल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची कला गेली. जंगल राखलं हे चांगलं झालं, असं आज आपण म्हणू. पण त्याचा भार कुणाच्या चुलीवर पडला, तेही बघायला हवं. गुरं चारणं, मोळी आणणं, गवत कापणं हे सगळं एका कायद्यानं चोरी ठरलं. ज्या बाईनं कालपर्यंत हक्कानं जळण आणलं, तिला आज शिपायाला चुकवून आणावं लागलं. वनखात्याचा हा अनुभव आपल्यापैकी डोंगरातल्या कितीतरी जणींच्या आजीपर्यंत पोचलेला आहे.

आणि साहेबांची सुट्टी तरी कशी असे? उन्हाळ्यात मुंबई सरकारचं दप्तर वर यायचं. आगगाडी नव्हती तेव्हा मुंबईची मंडळी गलबतानं कोकणातल्या खाडीपर्यंत येत आणि मग पालखीत बसून घाट चढत. पालखी म्हटली की भोई आले. बंगल्यात खानसामा, भिस्ती, हमाल, मोतद्दार, धोबी, मुलांना सांभाळणारी आया. पाऊस लागला की सगळे खाली उतरत. इथला पाऊस साधा नाही, वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर. तेव्हा बंगल्यांच्या भिंती गवताच्या तट्ट्यांनी झाकून ठेवत. ते गवत कापणारे आणि तट्टे विणणारे लोक मात्र पावसात वरच राहत.

१८४८ ते १८५३ या काळात मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड होता. त्याच्या बायकोनं हिंदुस्थानातल्या दिवसांवर 'चाऊ-चाऊ' नावाचं पुस्तक लिहिलं, ते १८५७ मध्ये छापलं गेलं. त्यात महाबळेश्वरच्या दिवसांचं वर्णन आहे. एका बाईनं आपली सुट्टी कशी गेली ते लिहून ठेवलं, म्हणून पावणेदोनशे वर्षांनी आपण ती वाचू शकतो. तिचं पाणी भरणाऱ्या बायांना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांचे दिवस वाऱ्यावर गेले. मैत्रिणींनो, लिहून ठेवण्याचं महत्त्व यापेक्षा वेगळं काय सांगावं?

आता आपली आखणी

एवढं समजून घेतल्यावर आखणी सोपी होते. आमच्या मते एक नियम आधी करावा: आपली सुट्टी साहेबाच्या सुट्टीसारखी नको. म्हणजे एकानं हवा खायची आणि दुसऱ्यानं त्याच्यासाठी राबायचं, असं नको. पण आपल्या घरच्या सहलीत नेमकं तेच होतं. पुरुष आणि मुलं पॉइंटवर उभी आणि बाई स्टोव्हजवळ, नाहीतर पिशव्या राखत बसलेली. पहाटे चारला उठून पन्नास पोळ्या, परत आल्यावर दोन बादल्या धुणं. मग हवापालट कुणाची झाली? निघण्याआधी घरात स्पष्ट बोला. दोन दिवस एक वेळचं जेवण बाहेर, दुसऱ्या वेळेला घरून आणलेली भाकरी, चटणी, धपाटे. सामान राखायची पाळी सगळ्यांची, पुरुषांचीही. परत आल्यावरचं धुणं वाटून.

वेळ कुठली धरावी? मे महिना आणि नाताळ या दोन्ही वेळी गर्दी आणि भाव दोन्ही चढलेले असतात. पावसाळ्यात घाटात दरडीची भीती आणि धुक्यात काही दिसत नाही. दिवाळीनंतरचे दिवस बरे, डोंगर हिरवा असतो, पाणी वाहतं असतं. स्ट्रॉबेरी बघायची तर साधारण डिसेंबर ते मार्च. तुमच्या सुगीचा आणि मुलांच्या परीक्षेचा हिशेब घालून तारीख पक्की करा.

पैशाचं म्हणाल तर गटाच्या कर्जाला हात लावू नका. सहलीची वेगळी पेटी करा. बारा घरांनी महिन्याला दोनशे रुपये टाकले तर दहा महिन्यांत घरटी दोन हजार आणि सगळ्यांचे मिळून चोवीस हजार होतात. हिशेबाची वही वेगळी ठेवा आणि एका शिकणाऱ्या मुलीच्या हातात द्या. एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नाही, पासष्ट ते पंच्याहत्तरच्या मंडळींना निम्मं. आधार कार्ड बरोबर ठेवा. वाईहून पसरणी घाटानं पाचगणी आणि पुढं महाबळेश्वर, ३२-३३ किलोमीटर. कोकणातल्या बहिणींनी पोलादपूरहून आंबेनळी घाटानं यावं. महाबळेश्वरच्या आगारात स्थळदर्शनाच्या आणि प्रतापगडच्या गाड्यांची चौकशी करा. खाजगी गाडी, घोडा, होडी, खोली, काहीही घ्या, भाव आधी विचारा आणि वहीत लिहून घ्या.

पहिला दिवस जुन्या गावाचा. सकाळी पोचून क्षेत्र महाबळेश्वर, पंचगंगा, जवळचं कृष्णाबाईचं दगडी देऊळ. दुपारी आर्थर सीट, ते त्याच बाजूला आहे. वेळ राहिला तर मुक्कामाला येऊन बाजारातून एक फेरी.

दुसऱ्या दिवशी पहाटे विल्सन पॉइंट, म्हणजे आपला सिंदोळा, तिथं सूर्य उगवताना बघा. मग प्रतापगड, साधारण २४ किलोमीटर. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना पायऱ्यांचा आग्रह करू नका, अर्ध्यात सावलीला बसवून कुणीतरी सोबत थांबा, पाळीपाळीनं. संध्याकाळी वेण्णा तलाव. होडीत बसलात की मुलांना आप्पासाहेब महाराजांची गोष्ट सांगा.

तिसऱ्या दिवशी परतीची वाट, आणि हीच वाट आपल्या गटांसाठी सगळ्यात कामाची. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे गाव २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. घरोघरी मधपेट्या. जाणं जमलं तर पेटी कशी ठेवतात, मध कसा काढतात, विक्री कशी होते ते विचारा. वाटेवर स्ट्रॉबेरीची शेतं आहेत. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वाफे करणं, रोपं लावणं, पहाटे फळ तोडणं, निवडणं, डब्यात भरणं यात बायकांचे हात किती आहेत ते डोळ्यांनी बघा. एखाद्या शेतकरी बहिणीशी बोला. रस्त्याच्या कडेचं दुकान सगळेच बघतात, आपण शेत बघू.

पाचगणीच्या अलीकडे भिलार लागतं. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. लोकांच्या राहत्या घरांत, देवळात, शाळेत पुस्तकं मांडलेली आहेत. कुणीही आत जाऊन बसावं आणि वाचावं, पैसे नाहीत. ज्या डोंगरावर एके काळी फक्त मडमेला लिहितावाचता येई, त्या डोंगरावर आज शेतकऱ्याच्या ओसरीत पुस्तकांची कपाटं आहेत. आपल्या मुलींना तिथं तासभर तरी बसू द्या. पाचगणीही इंग्रजांच्याच वेळची. जॉन चेसन नावाच्या साहेबानं तिथं झाडं लावली, वस्ती वाढवली. १९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर महात्मा गांधी विश्रांतीला पाचगणीत राहिले होते आणि तिथं त्यांच्या प्रार्थनासभा होत. ज्या हवेवर साहेबाचा हक्क होता, त्याच हवेत तीन वर्षांनी येणाऱ्या स्वातंत्र्याच्या गोष्टी बोलल्या गेल्या.

खाली उतरल्यावर वाईजवळ मेणवलीला थांबा. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट आणि घाटावरच्या देवळातली मोठी घंटा. ही घंटा मूळची वसईच्या पोर्तुगीज चर्चची. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली तेव्हा मिळालेल्या घंटांपैकी ती एक. एकाच सहलीत पोर्तुगीजांची हार आणि इंग्रजांचा डाव, दोन्ही बघायला मिळतात.

निघताना एक वही

शेवटचं एक काम सांगतो. प्रत्येक कुटुंबानं बरोबर एक छोटी वही घ्यावी. रात्री मुक्कामाला बसलात की प्रत्येकीनं एक गोष्ट सांगायची आणि मुलांनी ती लिहायची. आज कुठल्या जागेचं जुनं नाव कळलं? कुणाशी बोललो? त्या माणसाचं काम काय? जी लिहू शकत नाही तिनं बोलावं, नातवंडानं लिहावं, खाली तिचं नाव घालावं. खर्चाची पानंही त्याच वहीत, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या गटाला उपयोगी पडतील.

परत आल्यावर त्या वह्या गटाच्या बैठकीत वाचा. त्यातल्या निवडक गोष्टी आमच्याकडे पाठवा, आम्ही त्या रेडिओवर ऐकवू, पाठवणारीच्या नावासकट. कड्यांना नावं देणं आपल्या हातात नाही. पण आपली सहल आपल्या नावानं लिहून ठेवणं तर नक्कीच आहे. तेव्हा येत्या बैठकीत दोन गोष्टी ठरवा, पेटीत महिन्याला किती टाकायचे आणि वही कुणी आणायची. तारीख मग आपोआप ठरेल.

रामराम मैत्रिणींनो.